नाताळच्या आधी काय वाचायचं, आणि कुणाच्या आवाजात

बाई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटलं तर तुम्हाला पकडता येईल. तुम्ही घाटावरच्या, बदलीवर देवगडकडच्या किनाऱ्यावरच्या शाळेत आलात. वाडीत पंधरा-वीस ख्रिस्ती घरं, वर्गात त्यांची मुलं. डिसेंबरात मुलांना घेऊन असं काही वाचावं की नाताळ मनात उतरेल, ही तुमची इच्छा. पण जे पुस्तक उघडावं त्यात बर्फ आणि शेकोटी. खिडकीबाहेर बघावं तर माड आणि घाम. मग वाचू काय, असं तुम्ही विचारलंय.

मी एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बाजूला एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. त्यातली शेवटची बावीस वर्षं डिसेंबरात संध्याकाळचं वाचन चालवलं. पहिल्या वर्षी मलाही बर्फच आड येतोय असं वाटलं होतं. खरी चूक माझी होती: मी पुस्तकं मुलांना घरी नेऊन वाचायला देत होतो. आठ दिवसांनी ती तशीच परत यायची, मध्ये खूण म्हणून ठेवलेला बसचा तिकिटाचा कपटा पाचव्या पानावर. पुढल्या वर्षी तीच पुस्तकं मी खुर्चीत बसून वाचली, तर मुलं आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या आज्या येऊन बसल्या. नाताळची म्हणून जी पुस्तकं टिकलीत, त्यातली बरीचशी कानासाठीच झालेली आहेत. तेव्हा खाली जे सांगतोय ते सगळं मोठ्याने वाचायचं आहे हे धरून चाला.

सुरुवात मूळ गोष्टीपासून करा. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिली वीस वचनं. सावकाश वाचलं तरी पाच मिनिटं लागत नाहीत. मराठी बायबलातले तीन शब्द मुलांना फळ्यावर लिहून द्या: बाळंतं, गव्हाण, उतारशाळा. गव्हाण आपल्या मुलांना दाखवावी लागत नाही, अजून कुणाकुणाच्या गोठ्यात आहे. उतारशाळेत जागा नाही म्हणून बाळंतिणीने पोर बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, एवढंच सांगितलंय. ना थंडी सांगितलीय, ना बर्फ. मग मत्तयचा दुसरा अध्याय घ्या, म्हणजे तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतील. इथे मुलांना एक काम द्या. वाडीतल्या कुठल्याही घरचा गोठा (ख्रिस्ती घरांत देखावा मांडतात त्याला गोठाच म्हणतात) नीट बघायचा आणि त्यातलं काय कुठे लिहिलंय ते शोधायचं. मेंढपाळ फक्त लूकमध्ये, तारा फक्त मत्तयमध्ये. ज्ञानी लोक तीनच होते असं कुठेच नाही. नजराणे तीन आहेत, त्यावरून लोकांनी माणसंही तीन धरली. आणि बैल-गाढव तर दोन्हींत नाहीत! आमच्याकडे हे कळल्यावर एक मुलगा गोठ्यातला बैल काढून टाकायला निघाला होता, त्याच्या आईने त्याला बदडलं. बैल राहू द्या. गव्हाण आहे तिथे बैल असायचाच, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाकडे येतो, आणि इथे मी लांबण लावणार आहे. तुमच्या पत्रात त्याचं नाव नव्हतं, याचं मला नवल वाटलं नाही, मराठी एम.ए. झालेल्यांनाही ते परीक्षेपुरतंच ठाऊक असतं. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'. हा माणूस इंग्लंडचा, जेझुइट पंथाचा पाद्री, १५७९ साली गोव्यात आला आणि पुढली चाळीस वर्षं, मरेपर्यंत, बहुतेक गोव्यातल्याच साष्टीत राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या-पुराणं बंद झाली होती. पुराणाच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे: देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिकवण चालली असताना एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? त्या मागणीचं उत्तर म्हणजे हा ग्रंथ. पहिलं पुराण आणि दुसरं पुराण असे दोन भाग, अध्यायाला शब्द 'अवस्वरू', सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ साली साष्टीतल्याच राशोलला छापलं, तेही रोमी लिपीत. आणि वापर कसा? रविवारी, सणाला देवळात लोक जमले की म्हणायचं. म्हणजे आपल्याकडे हरिविजय-पांडवप्रताप लावतात, तसंच.

त्यातली भाषेची ओवी तुम्ही ऐकली असेल:

जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी
कि परिमळांमाजि कस्तुरी
तैसी भासांमाजि साजिरी
मराठिया

ही सगळे पाठ म्हणतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही दुसऱ्या पुराणाच्या सुरुवातीच्या अवस्वरांत जा, मरियेला निरोप येतो तिथपासून जन्मापर्यंत. स्वर्गाला तिथे वैकुंठ म्हटलंय. शब्दांत मध्येच कोकणी घुसते, आणि घाटावरून आलेल्या वाचकाला जिथे अडायला होतं तिथे मालवणी म्हातारीला काहीच अडत नाही. माझा हा अनुभव आहे. मी शब्दकोश घेऊन बसलो होतो आणि समोरची बाई, जिला सही करता येत नव्हती, ती मला अर्थ सांगत होती.

वाचायचं कसं, तर एकट्याने मुळीच नाही. पहिल्यांदा मी ओव्या नुसत्या वाचल्या तर त्या मेल्या. दुसऱ्या वर्षी गावच्या भजनी मंडळाच्या बुवांना बोलावलं. त्यांनी पान बघितलं, "ह्या तर आपलाच आसा" म्हणाले, पेटीवर सूर धरला आणि 'वों नमो विश्वभरिता' अशी जी सुरुवात केली, ती चारशे वर्षांपूर्वी राशोलला कशी म्हणत असतील याचा मला तेव्हा पहिल्यांदा अंदाज आला. तुमच्या वाडीत भजनी मंडळ असणारच. त्यांना विचारा. कुणी आढेवेढे घेईल असं मनात धरू नका. जन्माचा पाळणा म्हणायला कोकणात कुणी नाही म्हणत नाही. प्रतीसाठी: देवनागरीत शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ ची आवृत्ती जुन्या वाचनालयांत सापडते, कॅरिदाद द्रागोंची १९९६ ची आहे, आणि फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ मध्ये मूळ ओव्यांसोबत सोपं गद्यही दिलंय. शाळेसाठी ही शेवटची. आधी गद्य वाचून गोष्ट सांगायची, मग आठ-दहा ओव्या गायच्या. त्याहून जास्त घेऊ नका.

ओवीचा विषय निघालाच आहे तर 'ख्रिस्तायन'ही सांगतो. रेव्हरंड टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी हे काव्य सुरू केलं, पहिले दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. उरलेले साठावर अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पुस्तक म्हणून मला ते ख्रिस्तपुराणाइतकं भिडत नाही, हे खरं सांगून टाकतो; पण मुलांना समजायला सोपं आहे. लक्ष्मीबाईंची खरी ताकद 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. ते नाताळचं पुस्तक नाही, तरी मी दर डिसेंबरात त्यातली दोन-तीन प्रकरणं वाचायचोच. ज्या घरात उद्याची सोय नसताना आणखी एक पान वाढलं जातं, ते घर लक्ष्मीबाई हसत हसत दाखवतात, आणि त्यात उपदेशाचा लवलेश नाही. मोठ्या माणसांच्या बैठकीला यासारखं दुसरं काही नाही.

आता परदेशी पुस्तकं. चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. १९ डिसेंबर १८४३ ला ते निघालं, सहा हजारांची पहिली आवृत्ती नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. किंमत होती पाच शिलिंग. गोष्टीतला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग कमावतो. म्हणजे आपल्यावरचं पुस्तक घ्यायला त्याला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता! हा हिशेब मुलांना जरूर करायला लावा, त्यातून गोष्ट आधीच अर्धी कळते.

बर्फाची भीती इथे सोडा, कारण ही मुळात भुताची गोष्ट आहे, आणि भुताच्या बाबतीत कोकणातल्या पोराला कुणी शिकवायची गरज नाही. कंजूष स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ले साखळ्या ओढत येतो आणि 'माझं झालं ते तुझं होऊ देऊ नकोस' म्हणून बजावतो. आमच्याकडे एका आजीने लगेच ओळखलं, "म्हंजे राखणदारच तो." पुस्तकाचे पाच भाग आहेत. कॅरोल म्हणजे नाताळचं गाणं, म्हणून लेखकाने त्यांना कडवी असं नाव दिलंय. पाच संध्याकाळी पाच कडवी. पहिल्या कडव्यात सुरुवातीची दोन-तीन पानं सरळ कापा. मी पहिल्या वर्षी ती इमानाने वाचली आणि मार्ले यायच्या आत चार मुलं झोपली होती. कापायला लाजू नका, खुद्द डिकन्सने कापलंय. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला त्याने हे पुस्तक पहिल्यांदा लोकांपुढे वाचलं, त्यातलं एक वाचन मुद्दाम कामकरी लोकांसाठी स्वस्त तिकिटात ठेवायला लावलं. आणि पुढे वाचनासाठीच्या स्वतःच्या प्रतीत त्याने पानंच्या पानं खोडली. १८७० साली त्याचं शेवटचं जाहीर वाचन झालं, तेव्हाही हातात हेच पुस्तक होतं.

एक जागा मात्र कापायची नाही: तिसऱ्या कडव्यातलं क्रॅचिटांचं जेवण. घरात भट्टी नाही म्हणून त्यांचं गूस (बदकाच्या जातीचं मोठं पाखरू) बेकरीत भाजायला दिलेलं असतं आणि पोरं ते आणायला पळतात. हे वाचलं की आमच्या गावच्या बायका हसायच्या, कारण घरोघरी ओव्हन येण्याआधी त्या केकच्या पिठाचे डबे असेच बेकरीत द्यायच्या, आणि परत आणताना कुणाचा डबा कुणाच्या घरी जायचा त्यावरून भांडणं व्हायची. पुढे पुडिंग येतं. ते कापडात बांधून कपडे उकळायच्या हंड्यात शिजवलेलं, त्यामुळे झाकण काढल्यावर आधी धुणं उकळल्याचा वास येतो! हे वाचून झालं की पाच मिनिटं थांबा आणि मुलांना आपापल्या घरच्या नाताळच्या फराळाच्या वासाबद्दल बोलू द्या. दोदोल ढवळताना नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा, नेवऱ्या तळतानाचा, कुलकुलांच्या तेलाचा. माझ्या बैठकीत या पाच मिनिटांचा अर्धा तास व्हायचा आणि कडवं दुसऱ्या दिवशी पुरं करावं लागायचं. होऊ द्या.

पण एकच परदेशी गोष्ट निवडा म्हणालात तर मी डिकन्सही बाजूला ठेवीन आणि चेखवची 'वान्का' घेईन. चार-पाच पानांची, १८८६ ची. नऊ वर्षांचा पोर मॉस्कोत चांभाराकडे कामाला ठेवलेला. नाताळाच्या आदल्या रात्री मालक-मालकीण देवळात गेलेत, आणि हा चोरून आजोबांना पत्र लिहितोय: मला इथे मारतात, खायला देत नाहीत, मला गावी घेऊन जा. मध्येच त्याला आजोबांबरोबर जंगलात नाताळचं झाड तोडायला गेलेलं आठवतं. पत्र पुरं होतं, लखोट्यावर तो पत्ता लिहितो, 'गावी, आजोबांना', आणि पेटीत टाकतो. संपली.

ही गोष्ट कोकणात वाचताना आवाज सांभाळावा लागतो. दहा-बारा वर्षांचा असताना मुंबईला कुणाच्या तरी खानावळीत, कुणाच्या तरी दुकानात पाठवलेला माणूस आमच्या प्रत्येक घरात एक तरी होता. गावातली घरं मनिऑर्डरीवर चालायची. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पत्ता वाचून थांबलो. शेवटचा परिच्छेद वाचवेना. मागून एक म्हातारा म्हणाला, "थांबलस कित्याक? वाच मगे." वाचून संपवलं. मग बराच वेळ कुणी उठलं नाही, आणि त्याच माणसाने विचारलं, "आजोबाक पत्र गावला काय रे?" वर्गातली मुलंही हेच विचारतील. उत्तर देऊ नका. पण त्यांना स्वतः एक पत्र लिहायला सांगा, पूर्ण पत्त्यासकट, पिन कोड घालून. आमच्याकडची ती पत्रं खरोखर पोस्टात गेली.

ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' (१९०५) तुम्हाला माहीत असणार. गरीब नवरा-बायकोची गोष्ट: ती केस विकून त्याला घड्याळाची साखळी आणते, तो घड्याळ विकून तिला केसांचे कंगवे. सातवी-आठवीला चांगली. एक गंमत आधीच सांगून ठेवतो. त्या बायकोकडे, डेलाकडे, एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट आहेत आणि त्यातले साठ सेंट पेनींचे, म्हणजे एकेक सेंटच्या नाण्यांचे, असं पहिल्याच ओळीत येतं. आमच्या एका गणितातल्या पोराने हात वर केला, की उरलेले एकशे सत्तावीस सेंट पेनीशिवाय होतील कसे? पाच, दहा, पंचवीसची नाणी कशीही मांडा, दोन सेंट उरतातच. मी तिथल्या जुन्या नाण्यांवर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुम्ही तयारीत जा.

ट्रुमन कपोटेची 'अ ख्रिसमस मेमरी' (१९५६) इंग्रजीतून वाचून मुलांना सांगायची. अमेरिकेच्या दक्षिणेतलं गाव, सात वर्षांचा मुलगा आणि त्याची साठी उलटलेली नात्यातली बाई, दोघं जमवलेल्या चिल्लरीत फळांचे एकतीस केक करतात आणि ओळखीपाळखीच्या सोडून भलत्याच लोकांना पाठवतात, थेट राष्ट्राध्यक्षांनासुद्धा. व्हिस्की लागते ती आणायला जातात तो प्रसंग वर्गात सांगायचा की नाही हे मुख्याध्यापकांचा स्वभाव बघून ठरवा. आपल्याकडे मनुका कशात भिजत घालतात ते मुलांना ठाऊक असतंच.

अँडरसनची 'काडेपेटीवाली मुलगी' लोक नाताळची म्हणून वाचतात. ती नववर्षाच्या आदल्या रात्रीची आहे आणि लहान मुलांपुढे मी ती वाचत नाही. त्याच्या 'देवदाराचं झाड' या गोष्टीत सजून मिरवायला अधीर झालेलं झाड आहे, ते लहानांना आवडतं. किनाऱ्यावर सुरूची फांदी आणून झाड सजवतात, त्या संध्याकाळी वाचा. आणि तुमच्यासाठी, मुलं झोपल्यावर, अगाथा ख्रिस्तीचं 'हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस'. तिच्या मेहुण्याने तक्रार केली की तुझे खून फार सोवळे होत चाललेत, जरा भरपूर रक्त असू दे. म्हणून हे लिहिलं आणि त्यालाच अर्पण केलं. सणाला सगळे नातेवाईक एका घरात जमले की काय होतं, ते यात आहेच.

मराठीत सांगायचं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ असू द्या. साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. मुलं भलतेसलते प्रश्न विचारतात, तेव्हा वसईच्या या माणसाचं सरळ मराठी कामाला येतं. भेटीदाखल निघतात ती गुळगुळीत कागदाची सुविचारांची पुस्तकं मात्र घेऊ नका. आमच्याकडे देणगीत चाळीसेक आली होती, एकही कधी कुणी नेलं नाही.

बाकी व्यवहाराचं. वाचन पंधरा तारखेच्या आसपास सुरू करा, त्याआधी मुलांच्या मनात परीक्षा असते. संध्याकाळी सहाला, दिवेलागणीआधी, म्हणजे मच्छी आणायला गेलेली माणसंही परतलेली असतात. हे दिवस जत्रांचे. गावात किंवा शेजारच्या गावात दशावतार असेल त्या दिवशी सुट्टी द्या; मी एकदा हट्टाने वाचन ठेवलं, तर समोर एक मांजर आणि चहा आणणारा पोरगा होता. क्रम असा ठेवा की वान्का मध्ये कुठेतरी येईल, शेवटी नको. शेवटी ओव्या ठेवा, तेवीसला, बुवांना घेऊन. आणि चोवीसला वाचनच ठेवू नका. त्या संध्याकाळी मुलींना नवे कपडे घालायचे असतात, गोठ्यातले दिवे एकदा तरी बिघडतात, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचं म्हणून घराघरांत लहानांना जबरदस्तीने थोडं झोपवायचं चाललेलं असतं. तुम्हाला कुणीतरी नेवऱ्यांचं ताट घेऊन बोलवायला येईलच, घरी राहा.